गोड स्वरांतील गाऱ्हाणें

गाऱ्हाणें गोड स्वरांत मांडिलें म्हणजे त्याची धार बोथट होते, असें आम्ही पुष्कळ दिवस समजत होतों. मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या १९७१ सालच्या ध्वनिमुद्रिकेनें त्या समजुतीस धक्का दिला. व्हिएटनामच्या युद्धांतून परतलेल्या भावाच्या हकीकती, शहरांतील बेकारी, पोलिसांची दांडगाई, नासलेलें हवापाणी, हे तींतील नऊ गाण्यांचे विषय. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे संस्थापक बेरी गॉर्डी यांस हा माल खपेलसें वाटेना. (तो किती खपला, हें सांगणें नकोच!)

एक गाणें सरतें न सरतें तोंच पुढचें त्यांत मिसळतें. गायकानें आपल्याच आवाजावर आपला आवाज चढविला आहे. मनुष्य स्वतःशींच बोलत असल्याचा भास होतो. ‘काय चाललें आहे’ या अर्थाच्या त्या नांवापुढें प्रश्नचिन्ह नाहीं, तरी सूर विचारणाऱ्याचाच आहे. ओरडणाऱ्यास उलट ओरडतां येतें. असें हळुवार विचारणाऱ्यापुढें आम्हांस निरुत्तर व्हावें लागतें. पन्नास वर्षांनंतरही श्रोते या मुद्रिकेकडे वळतात, तें आमच्या मतें यामुळेंच.

मात्र परवां आरामखुर्चींत आमची मान डोलत असतां कन्येनें विचारिलें, “बाबा, हें गाणें कशाविषयीं आहे?” उत्तर देण्यापूर्वीं आम्ही आवाज कमी केला.