तेलाआधी संपणारे
यवतमाळात कापूस जिनिंगला लागला की रुई एका वाटेने जाते, सरकी दुसऱ्या. सरकीची ढेप गुरांना, तेल माणसांना. या तेलात 'ई' जीवनसत्त्व, म्हणजे टोकोफेरॉल, चांगल्यापैकी असते. पण बियाण्याने ते आपल्यासाठी नव्हे, स्वतःचा स्निग्धांश टिकवायला साठवलेले असते. हवेतला ऑक्सिजन तेलाला लागला की बिघाड एका रेणूकडून दुसऱ्याकडे पसरू लागतो. टोकोफेरॉल मध्ये पडते, स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकते आणि बिघाड तिथेच थांबवते. त्यात ते स्वतः खर्ची पडते. तेल खवट झाले नाही याचा अर्थ तेवढे जीवनसत्त्व आधीच कामी आले. आपल्या वाट्याला उरलेले.

हे ध्यानात घेतले की 'रिफाइंड वाईट, घाण्याचे चांगले' हे सरसकट बोलणे टिकत नाही. सरकीचे कच्चे तेल काळपट लाल असते, त्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. ते काढायला अल्कलीची प्रक्रिया करावीच लागते. मग रंग काढायला विशिष्ट माती, आणि शेवटी वास घालवायला निर्वात टाकीत दोनशेच्या वर, अडीचशे अंशांच्या आसपास तापवून सोडलेली वाफ. टोकोफेरॉलची मोठी गळती इथे होते. तापमान आणि वेळ सांभाळली तर टोकोफेरॉलचा बराच भाग तेलात राहतो. उडालेला भाग थंड करून गोळा करतात. सोयाबीन तेलाच्या अशाच अर्कातून कॅप्सूलमधले 'ई' काढले जाते.

घाण्याच्या तेलात हे जीवनसत्त्व जास्त वाचते, हे खरे. पण त्यात हरितद्रव्याचा अंशही राहतो, आणि उजेडात तोच बिघाडाला हात देतो. त्यात मे महिन्यात यवतमाळचा पारा 44-45 अंशांवर. पारदर्शक बाटली ओट्यावर, गॅसशेजारी, अर्धी रिकामी: उजेड, उष्णता, हवा, तिन्ही एकदम. तळणीचे उरलेले तेल ताज्या तेलात ओतणे मला सर्वांत वाईट वाटते, कारण जुन्यातला बिघाड आवरण्यातच नव्याचे टोकोफेरॉल संपते.

जवसाचे तेल तर फारच नाजूक. त्यात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. ते ऑक्सिजन इतके झपाट्याने घेते की हेच तेल वार्निशातही वापरतात. घाण्यावरून ते थोडेच आणावे, गडद बाटलीत गळ्यापर्यंत भरून अंधारात ठेवावे. अख्खा जवस मात्र कवच शाबूत असेतो महिनोन्महिने टिकतो, म्हणून चटणी आठवड्यापुरतीच कुटावी.