केना

मोडनिंबच्या माळाला उन्हाची वाण नाही. तरी माझ्या दारापुढं चिकूची सात झाडं आहेत, त्यांच्या बुडाशी दिवसभर गर्द सावली, आणि ठिबकची ओल. तिथं हरळी धरत नाही. धरतो तो केना.

केना ओळखायला शाळा लागत नाही. पान लंबगोल, लुसलुशीत. बुडाशी देठाला गुंडाळलेलं म्यान, त्यावर तांबूस लव. सकाळी इवलंसं निळं फूल, दुपारपर्यंत कोमेजून गेलेलं. खोड जमिनीवर सरपटतं आणि पेर टेकलं की तिथं मूळ सोडतं. उपटून बांधावर टाकलं तर पावसात बांधावर फुटतं. एकदा खणताना मातीच्या आत पांढरे फुटवे दिसले, त्यांना मिटलेली फुलं. ती कधी उमलतच नाहीत, आतल्या आत बी धरतात. आपण वर खुरपत बसायचं आणि खाली ह्याचा संसार चाललेला.

आमची आई त्याला तण म्हणत नव्हती. "गुरं खात्यात, आपुन खातो, मग तण कसलं?" श्रावणात केन्याच्या पानांची भजी व्हायची. आता कृषी खातं रानभाजी महोत्सव भरवतं. तेव्हा महोत्सव नव्हता, भूक होती.

पुढं पोरानं नवं घर बांधलं आणि दारापुढं लॉन पाहिजे म्हणाला. विकतचं गवत लावलं. सावलीत ते पिवळं पडलं आणि त्यातनं केना वर आला. दोनदा खुरपलं, मग कंटाळून पाठीवरच्या पंपानं ग्लायफोसेट मारलं. ही गोष्ट २०२२ च्या आधीची. त्या साली केंद्र सरकारनं हुकूम काढला, की हे औषध परवानावाल्यांशिवाय कुणी मारायचं नाही. आम्ही तेव्हा पाण्यासारखं मारत होतो. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, पान पिवळं पडायला आठवडा जातो. त्यात केना चिवट, बाकीचं गवत जळतं आणि हा बराचसा तगतो.

दुसऱ्या दिवशी मी बाजारला गेलो होतो. आमच्याकडं खुरपायला येणाऱ्या एक म्हाताऱ्या मावशी दरसालच्यासारख्या आल्या आणि ओचाभर केना खुडून घेऊन गेल्या. संध्याकाळी मंडळींनी सांगितलं तसं माझ्या पायातलं बळ गेलं. गाडी काढली. मावशींच्या घरी पीठ कालवलेलं, कढईत तेल तापलेलं, नातवंडं चुलीभोवती बसलेली.

"मावशी, टाकून द्या. औषध मारलंय."

त्यांनी पातेलं उकिरड्यावर पालथं केलं. मग म्हणाल्या, "सांगायचं तरी, तात्या."

माझ्या ओठावर आलं होतं, "तुम्ही विचारायचं तरी." म्हणालो नाही हे बरं झालं. पण ते वाक्य अजून मनात आहे, आणि त्याच्याशीच माझं भांडण आहे. जमीन माझी, सातबारा माझ्या नावावर. विचारल्याशिवाय माझ्या चिकूला हात लावला असता तर मी बोललोच असतो. पण केन्यासाठी आमच्या गावात कुणी कुणाला कधी विचारलं होतं? सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात केना लागत नाही. मी तो पेरला नाही, त्याला मुद्दाम पाणी पाजलं नाही. माझा असता तर इतकी वर्षं फुकट नेऊ दिला नसता. आणि माझा नव्हता, तर त्याच्यावर विष कुणाला विचारून मारलं? वकील म्हणेल, मालकाचा हक्क आहे. असेलही. पण उकिरड्यावरच्या त्या पातेल्यापुढं तो कागद मला दाखवता आला नाही.

लॉन मोडलं. पोरगा दोन महिने धड बोलला नाही. ठिबकच्या नळीजवळचा केना मी हातानं काढतो, मागच्या तीन झाडांखालचा राहू देतो. मावशी श्रावणात येतात, पण पहिल्यासारख्या सरळ आत येत नाहीत. फाटकातनंच विचारतात, "मारलंय का काय, तात्या?"

"नाही मावशी, घ्या."

तरीपण खुडायच्या आधी एक पान चुरगाळून वास घेतात. मी तेवढा वेळ दुसरीकडं बघतो.