दिसतें म्हणणारांचें आंधळेपण

आमच्या आजीच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढला, त्याला आतां बरींच वर्षें झालीं. पट्टी सुटली त्या दिवशीं ती प्रथम काय म्हणेल याविषयीं घरांत मोठें कुतूहल होतें. नातवंडांचीं तोंडें पाहून ती हरखेल, देवघरापुढें उभी राहून गहिंवरेल, अशी आमची अपेक्षा. प्रत्यक्षांत ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं थबकली आणि बराच वेळ कांहींच बोलली नाहीं. फडताळाच्या कोपऱ्यांत जळमटें होतीं, चुलीमागची भिंत धुरानें काळवंडली होती, पितळी डब्यांच्या कडांना चिकट मळ बसला होता. तिच्या सोंवळ्याची आणि स्वच्छतेची साऱ्या आळींत ख्याति होती. सुनांचें काम तिच्या पसंतीस कधीं उतरलें नव्हतें. ‘इतकीं वर्षें मी यांतच रांधत होतें ना?’ एवढेंच ती म्हणाली आणि पदरानें डोळे टिपूं लागली. डोळ्यांना हात लावूं नका असें डॉक्टरांनीं बजावलें होतें, याची आठवण आम्हांला तिला द्यावी लागली.

योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचतांना मला ती उंबऱ्याशीं उभी राहिलेली आजी नेहमीं आठवते. मी जन्मानें आणि आचारानें हिंदु घरांतला. बायबल प्रथम हातीं घेतलें तें कॉलेजांत, इंग्रजी सुधारावें या हेतूनें. ‘आध्यात्मिक अंधत्व’ या शब्दाविषयीं माझ्या मनांत तेव्हां अढीच होती. एकोणिसाव्या शतकांतील मिशनरी पुस्तकांतून आपला सारा देश अंधकारांत बुडालेला म्हणून दाखविला जाई, आणि तें वाचून आपल्या पूर्वजांना जो संताप आला तो अगदींच अस्थानीं नव्हता. दुसऱ्याला आंधळा म्हणणारानें स्वतःची दृष्टि गृहीतच धरलेली असते. परंतु मूळ ग्रंथ उघडून पाहिला तर नवल वाटतें. या अध्यायांत आंधळेपणाचा आरोप परधर्मीयांवर नाहींच. तो आहे नित्यनेम पाळणाऱ्या, शास्त्र मुखोद्गत असलेल्या, समाजानें सज्जन म्हणून मानलेल्या मंडळींवर.

कथा थोडक्यांत अशी. एका जन्मांध भिकाऱ्याला पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? हा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटण्याचें कारण नाहीं. घरांत अपंग मूल जन्मलें कीं पूर्वजन्मींचें संचित काढणारे शेजारी आपल्याकडेहि उणे नाहींत. येशू दोघांनाहि दोषमुक्त करतो, थुंकीनें माती कालवून त्या डोळ्यांना लावतो आणि सिलोआमच्या तळ्यावर धुण्यास पाठवितो. मनुष्य देखता होऊन परत येतो. आतां खरें म्हणजे उत्सव व्हावा. होते ती चौकशी! तो दिवस शब्बाथाचा, म्हणजे विश्रांतीचा. त्या दिवशीं माती कालवणें हेंहि काम. तेव्हां बरें करणारा पापीच असला पाहिजे, असा कित्येक परूशी मंडळींचा निकाल तयार होता. आईबाप भितात, मुलगा सज्ञान आहे, त्यालाच विचारा म्हणून अंग काढून घेतात. त्या बिचाऱ्याला शास्त्रार्थ ठाऊक नाहीं. पूर्वीं दिसत नव्हतें, आतां दिसतें, या एका गोष्टीवर तो अडून बसतो आणि अखेरीस हांकलला जातो. हांकलल्यावर येशू त्याला शोधून काढतो, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. शेवटीं परूशी विचारतात, आम्हीहि आंधळे काय? त्यावर मिळालेलें उत्तर मोठें अवघड आहे. आंधळे असतां तर तुम्हांकडे दोष नव्हता. आम्हांस दिसतें असें म्हणतां म्हणून तो राहिला, असा त्याचा भावार्थ.

अज्ञानाला अंधार म्हणण्याची चाल आपल्याकडेहि जुनीच. परंतु अविद्या ज्ञानानें जाते. दिवा आणला कीं काळोख पळाला. ख्रिस्ती विचारांतलें आंधळेपण निराळ्या जातीचें आहे. तेथें दिवा जळतच असतो. बिघाड डोळ्यांत आहे, आणि डोळ्याला स्वतःचा बिघाड दिसत नाहीं. जें दिसल्यानें आपलें सुख, मान किंवा मिळकत धोक्यांत येईल, तें न पाहण्याची संवय मनाला जडलेली असते. अशा रोग्यानें स्वतःचा मोतीबिंदू स्वतः काढावा म्हटलें तर तें होणें नाहीं. परक्या हाताखालीं स्वस्थ पडून राहावें लागतें. ‘विश्वास’ या शब्दाचा मला समजलेला ख्रिस्ती अर्थ हें स्वस्थ पडून राहणें होय. ‘तारण’ हा शब्द आपण एरवीं पेढीवर वापरतों. तेथें कर्जदार आपला डाग स्वतः गहाण ठेवतो. ख्रिस्ती भाषेंत कर्ज आपलें आणि तारण मात्र दुसऱ्याचें. स्वाभिमानी माणसाला सहज रुचावी अशी ही गोष्ट नव्हे.

पण खरी अडचण पुढेंच आहे. ज्यांनीं हा विश्वास धरला त्यांना दिसूं लागलें काय?

जॉन न्यूटन नांवाचा एक इंग्रज खलाशी 1725 सालीं लंडनांत जन्मला. (गुरुत्वाकर्षणाचा न्यूटन तो निराळा.) 1748 च्या मार्चांत अटलांटिक महासागरांत त्याचें जहाज वादळांत सांपडून बुडण्याच्या बेतास आलें असतां या उनाड, शिवराळ माणसानें देवाचा धांवा केला, तो दिवस त्यानें जन्मभर पवित्र मानला. कृपेविषयींचें जें इंग्रजी भजन आज जगभर गाइलें जातें तें ह्याचेंच. 1773 च्या नववर्षदिनासाठीं त्यानें तें रचलें आणि त्यांत योहानांतल्या त्या भिकाऱ्याचाच कबुलीजबाब आपल्या तोंडीं घातला. येथपर्यंत कथा सर्वांना गोड वाटते. तिचा पुढचा भाग प्रवचनांतून सहसा सांगत नाहींत. धांवा केल्यानंतर दोनच वर्षांनीं, 1750 सालीं, न्यूटन गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला. 1754 पर्यंत त्यानें अशा तीन सफरी केल्या. वर डेकवर तो रविवारीं खलाशांची प्रार्थना चालवी; खालीं जहाजाच्या पोटांत बेड्या घातलेलीं माणसें फळीला फळी लावून निजविलेलीं असत. बंडाचा संशय आल्यावर कांहीं पोरांचे अंगठे त्यानें चापांत पिळविले, याची नोंद त्याच्याच रोजनिशींत आहे. धंदा सुटला तोहि पश्चात्तापानें नव्हे, आजारपणानें! 1764 सालीं तो धर्मोपदेशक झाला. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याचें पुस्तक निघालें तें 1788 सालीं. वादळापासून मोजलें तर चाळीस वर्षें झालीं. रूढि, इतरांचें उदाहरण आणि स्वार्थ यांनीं आपले डोळे आंधळे केले होते, असें त्यानें उतारवयांत लिहून ठेवलें आहे.

हा मनुष्य ढोंगी होता असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. मला तसें वाटत नाहीं. प्रार्थनेच्या वेळीं त्याचे अश्रु खरे होते, यांत मला शंका नाहीं. आणि म्हणूनच त्याची कथा भयंकर आहे. देव दिसल्याची खातरी झालेल्या माणसाला पायांखालच्या फळीच्या पलीकडचा माणूस दिसला नाहीं.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायांत बेथसैदा गांवचा आणखी एक आंधळा भेटतो. येशू त्याच्या डोळ्यांवर हात ठेवून विचारतो, कांहीं दिसतें काय? माणसें दिसतात, पण तीं चालत्या झाडांसारखीं दिसतात, असें तो प्रांजळपणें सांगतो. मग दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर त्याला सर्व स्पष्ट दिसूं लागतें. चारहि शुभवर्तमानांत असा दोन टप्प्यांनीं बरा झालेला रोगी हा एकच. न्यूटनची चाळीस वर्षें त्या दोन स्पर्शांच्या मधलीं आहेत असें मी समजतों. बेथसैदाच्या आंधळ्याचें शहाणपण एवढेंच कीं, पहिल्या स्पर्शानंतर, आपल्याला सारें स्पष्ट दिसतें असें तो म्हणाला नाहीं. म्हणाला असता तर जन्मभर झाडांतच वावरला असता.

आपल्याकडे हें जिनें स्वतःच्या बाबतींत ओळखलें ती पंडिता रमाबाई. 1858 सालीं जन्मलेल्या ह्या बाईनें संस्कृत आईपाशीं शिकून घेतलें. विशीच्या सुमारास कलकत्त्याच्या पंडितांनीं तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलें. आईबाप, बहीण, भाऊ आणि पुढें पति, असें सर्व गमावून ती 1883 सालीं विलायतेस गेली. तेथें लंडनच्या फुलहॅम भागांत मठवासी भगिनींनीं चालविलेलें पतित स्त्रियांच्या उद्धाराचें काम तिनें पाहिलें. समाजानें टाकलेल्या बायकांना ह्या जवळ कां घेतात, असें विचारतां तिला शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकविण्यांत आली. त्याच वर्षीं 29 सप्टेंबर रोजीं वॉन्टेज येथें रमाबाईंनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. तरी बुद्धि त्यांनीं गहाण ठेवली नव्हती. आपल्या गुरुभगिनींशीं त्यांनीं सिद्धांतांवरून जो पत्रव्यवहार केला तो वाचावा. एका पुरोहितवर्गाचें जूं झुगारून दुसऱ्याचें मानेवर घेण्यास ही बाई तयार नव्हती.

आणि तरीसुद्धां 1907 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षींत त्या लिहितात कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं आपणांस कळून आलें, आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता. विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज पाद्र्याचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें होतें. हा गृहस्थ 1851 सालीं कॉर्नवॉलमध्यें स्वतःचेंच प्रवचन देतां देतां धर्मांतर पावला. व्यासपीठावर चढला तेव्हां नुसता पाद्री होता, उतरला तेव्हां भाविक! हंसूं येण्याजोगी ही गोष्ट रमाबाईंना अगदीं मर्मीं लागली. त्यांचा लौकिक तेव्हां दोन खंडांत होता, शारदासदन निघालें होतें. आपल्याला दिसतें असें म्हणण्यास त्यांच्याइतका अधिकार कोणाला होता? त्यांनीं तें म्हटलें नाहीं. पुढें 1893 सालीं पुण्यांत गवगवा झाला, रानडे-भांडारकरांसारख्यांनीं सल्लागार मंडळ सोडलें, पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. धर्मांतराची भीति वाटणाऱ्या त्या पालकांना मी सरसकट दोष देणार नाहीं. पण 1896-97 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या त्या याच बाईनें. तिनें स्वतः कोवळ्या वयांत दुष्काळ सोसला होता. ती भूक तिला झाडासारखी दिसणें शक्य नव्हतें. केडगांवच्या मुक्तिसदनांत पुढें आंधळ्या बायकांसाठीं स्वतंत्र विभाग निघाला, आणि मनोरमाबाईंनीं त्यांना बोटांनीं ब्रेल लिपि वाचण्यास शिकविलें.

येथें एक आक्षेप मला टाळतां येत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं. त्यांना रस्त्यावरचा माणूस न्यूटनपेक्षां कितीतरी आधीं आणि स्वच्छ दिसला. 1885 सालीं ‘सत्सारा’मध्यें रमाबाईंची बाजू घेण्याचें धैर्यहि त्यांनींच दाखविलें. मग दृष्टीला ख्रिस्ताचीच गरज काय? ख्रिस्ती मित्रांशीं मी यावर वाद घातला आहे. त्यांतला एक म्हणाला, ‘फुल्यांना कोणीं स्पर्श केला हें तुम्हांला काय ठाऊक? त्या भिकाऱ्यालाहि बरें करणारा कोण, हें डोळे उघडल्यावर बऱ्याच वेळानें कळलें.’ उत्तर चतुर आहे. मला तें पुरें पटत नाहीं, कारण मग देखत्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ख्रिस्ती ठरविल्यासारखें होतें. पण मला असेंहि दिसतें कीं, हा आक्षेप मी घेतों तो बहुतकरून स्वतःला वांचविण्यासाठीं. फुल्यांना ख्रिस्तावांचून दिसलें, म्हणून मला दिसतें, असें कांहीं सिद्ध होत नाहीं. आमच्या घरीं भांडीं घासायला येणाऱ्या बाईंचें आडनांव मला त्यांच्या मृत्यूची बातमी आल्यावर कळलें. त्या अकरा वर्षें येत होत्या.

रमाबाईंच्या साक्षींतला एक प्रसंग मात्र कोणत्याहि वादांत बसत नाहीं. 1874 सालीं मद्रास इलाख्यांत दुष्काळानें गांजलेलें हें कुटुंब अन्नान्न करीत होतें. बायकोला संस्कृत शिकविलें म्हणून ज्यांना पंडितांचा रोष सोसावा लागला, ते अनंतशास्त्री डोंगरे मरणाच्या दारीं होते, आणि त्यांची दृष्टि गेलेली होती. सोळा वर्षांच्या रमेला त्यांनीं जवळ घट्ट धरलें, सन्मार्ग सोडूं नको, आयुष्यभर देवाची सेवा कर म्हणून सांगितलें आणि तिला देवाच्या हवालीं केलें. तेहतीस वर्षांनंतर त्या प्रसंगाविषयीं लिहितांना, ख्रिस्ताखेरीज तारण नाहीं अशी ठाम श्रद्धा असलेली ही लेक बापाला आंधळा ठरवून मोकळी होत नाहीं. खरा देव त्यांना ठाऊक नव्हता, असें ती म्हणते. आणि त्याच वाक्यांत, त्या अनोळखी देवाची त्यांनीं सर्व मनानें व सर्व शक्तीनें सेवा केली, असेंहि म्हणते. तिचा चेहरा त्या वेळीं त्यांना दिसत नव्हता. ते तिच्या मस्तकावरून आणि गालांवरून हात फिरवीत होते.