अपैशुन्य

पैशुन्य म्हणजे चहाडी. एकाचे उणे दुसऱ्याच्या कानावर घालायचे, आणि तेही ज्याचे उणे तो तिथे नसताना. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात पहिल्या तीन श्लोकांत दैवी संपत्तीचे २६ गुण मोजले आहेत, त्यांत ‘अपैशुन’ हा एक. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ एका वाक्यात उरकला: दुसऱ्याची छिद्रे तिसऱ्यापुढे उघडी करणे हे पैशुन, ते नसणे हे अपैशुन. म्हणजे गुण खरा, पण नकारात बसलेला. तोंड बंद ठेवले की साधला.

शके १२१२ मध्ये नेवाशात सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत हा शब्द आला तेव्हा त्याचा कायापालट झाला. ज्ञानदेवांनी त्यावर ओव्यांची माळच लावली आणि नकार बाजूला सारून कामच सांगितले. चिखलात गाय रुतली तर ती दुभती की भाकड हे पाहायचे नसते. बुडणाऱ्याची जात विचारून मग हात द्यायचा नसतो. रानात दुष्टांनी एखाद्या बाईची वस्त्रे हिरावली, तर भला माणूस तिला नेसवल्याशिवाय तिच्याकडे नजर वळवत नाही. हा तिसरा दाखला विषयाच्या मुळाशी जातो. नजर वळवण्याआधी समोरच्याचे उणे भरून काढायचे, आणि ते आपल्या पदरचे देऊन. देवाची पूजा बांधून मग त्याला पाहावे, पेरून मग शेताकडे जावे, पाहुण्याला तृप्त करून मग त्याचा प्रसाद घ्यावा, असा क्रम ज्ञानदेव लावतात. माणसाकडे पाहण्याचाही क्रम हाच.

वर्मावर घाव घालू नये, कुणाला वाईट कामात गुंतवू नये, दोषाच्या नावाने हाक मारू नये, ही पथ्ये त्यापुढे येतात. पडलेला ज्या उपायाने उभा राहील तो उपाय करावा, हे त्यांचे सार. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या सगळ्या विवेचनात कौतुकाचा शब्द नाही. पडलेल्याला उभे करणे हे खरे प्रोत्साहन, पण प्रोत्साहन म्हटले की हल्ली पाठ थोपटणे डोळ्यांपुढे येते. रुतलेल्या गाईची पाठ थोपटून ती वर येत नाही.

हा विचार पोथीतून रस्त्यावर आलेला पाहायचा तर सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातले वेळापूर ही सोयीची जागा आहे. अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन मंदिरासाठी गाव प्रसिद्ध आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून निघते, खुडूस फाट्यावर रिंगण होते आणि मुक्काम वेळापूरला पडतो. गावाच्या अलीकडे एक उतार लागतो. तुकोबांना या उंचीवरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून दिंड्याही इथून धावतात. या धावण्याला ‘धावा’च म्हणतात. टाळ गळ्यात, पताका खांद्यावर, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका आणि सत्तरी ओलांडलेले म्हातारे सगळे एकाच उताराला लागतात. कुणाची वहाण सुटते, कुणी गुडघ्यावर येतो. मागचा त्याला बखोटीला धरून उठवतो आणि ‘चला माउली’ म्हणून पुढे निघतो. ‘कशाला धावायचं या वयात’ असे विचारायला तिथे फुरसत नसते. वारीत एरवीही धक्का लागला, रांग मोडली, पायावर पाय पडला, तरी कुरकुरीचा पहिला शब्द ‘माउली’ असतो. ‘माउली, जरा सरका’ यात राग असतो, पण रागालाही आधी आईचे नाव घ्यावे लागते. दोषाच्या नावाने हाक मारू नये हे पथ्य इथे पोथी न वाचलेल्यांच्याही तोंडी बसले आहे.

वेळापूरच्या याच टप्प्यात मानाचे भारूडही होते. भारूड ही एकनाथांची (१५३३–१५९९) हातोटी, आणि तिच्यात टीका भरपूर असते. पण ती कुणाच्या तोंडून येते ते पाहण्यासारखे आहे. काम-क्रोधाचा विंचू चावतो तो गाणाऱ्यालाच, शेजाऱ्याला नव्हे. सोंग घेणारा स्वतः वेडा होतो, बहिरा होतो, तळमळतो, आणि हसणाऱ्या गर्दीतल्या ज्याला त्याला आपला विंचू सापडतो. वर्म दाखवायचे पण बोट स्वतःकडे ठेवायचे, ही तोड नाथांना कुठून सुचली ते सांगता येणार नाही. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणारे तेच, एवढे मात्र खरे.

दुसऱ्याच्या दोषाचे काय करायचे, हा प्रश्न जैन परंपरेने वेगळ्या वाटेने सोडवला. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन म्हणजे दुसऱ्याचे दोष झाकणे, आणि त्याला लागूनच स्थितीकरण म्हणजे डळमळणाऱ्याला पुन्हा स्थिर करणे. नुसते झाकून भागत नाही हे या जोडीतून कळते. बौद्ध धम्मातही सम्यक् वाणीत असत्य, चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड या चारही गोष्टी वर्ज्य आहेत.

मग चूक कुणी सांगायचीच नाही का? वारीने याची सोय केली आहे. पालखी तळावर पोचली की समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतो आणि हजारोंचे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा तिथल्या तिथे होतो. त्याच वेळी हरवले-सापडल्याचेही पुकारले जाते. तक्रार दाबली जात नाही. पण ती उघड्यावर, ज्याच्या हाती उपाय आहे त्याच्यापुढे होते. पैशुन्याला अंधार लागतो, आणि तो इथे मिळत नाही.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो मोठा आहे. गोड बोलण्याने अन्याय झाकला जातो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मंगळवेढ्याच्या चोखामेळ्यांना संतांनी जवळ केले, त्यांचे अभंग डोक्यावर घेतले, भिंत कोसळून ते गेल्यावर नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या, असे परंपरा सांगते. समाधी मात्र महाद्वाराबाहेर झाली. थोरवी सगळ्यांनी मान्य केली, दार कुणी उघडले नाही. ज्ञानदेवांच्याच मापाने मोजले तर वस्त्र न देता स्तुती झाली. उणे शिल्लक राहिले की प्रोत्साहनाचे शब्द पोकळ होतात.

हे उणे भरून काढायला साने गुरुजींना यावे लागले. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. टीकाकार म्हणून त्यांना कुणी अडवले नसते. त्यांनी झीज स्वतःच्या अंगावर घेतली. १० मे रोजी उपोषण सुटले आणि मंदिराचे दार उघडले. चोखोबांची समाधी आजही जागच्या जागी आहे, आणि महाद्वारातून आत शिरणारा वारकरी आधी तिच्यापुढे वाकतो.