गाडीतलं मूल आणि आपण



मागच्या गुरुवारी आरतीनंतर एका ताईंनी विचारलं, "काका, दुसऱ्याच्या मुलाच्या बाबतीत आपण किती बोलावं? बोललं तर लोक म्हणतात नसत्या चौकशा, आणि नाही बोललं तर मन खातं." तेव्हा मी थातुरमातुर काहीतरी उत्तर दिलं. खरं उत्तर द्यायचं तर मला माझीच एक चूक सांगावी लागली असती. चार लोकांत ती जमली नाही, म्हणून आज लिहून सांगतो.

गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. इंदूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, पारा बेचाळीसच्या पुढे. सौ.ची साडी फॉल-पिकोला टाकायची म्हणून दुपारी बाजारात गेलो. दुकानासमोर एक पांढरी गाडी उभी होती. सहज आत नजर गेली, तर मागच्या सीटवर अडीच-तीन वर्षांचं एक मूल झोपलेलं. काचा दोन बोटं खाली होत्या. केस घामाने कपाळाला चिकटलेले. मी थबकलो. सौ.ला म्हटलं, "अगं, पोरगं एकटंच आहे गं." ती म्हणाली, "येतील हो कोणीतरी आत्ता." आणि मी पुढे चालू लागलो.

हो, पुढे गेलो. दुकानात दहा मिनिटं गेली असतील. लक्ष साडीत नव्हतं, पण पायही हलत नव्हते. बाहेर आलो तर गाडी तशीच. मूल आता लालबुंद झालेलं, मान एका बाजूला कललेली. मग मात्र वॉचमनला हाक मारली. तो म्हणाला, "साहब, मालिक अभी आ जाएँगे." मी त्याचं न ऐकता दुकानादुकानांत गाडीचा नंबर ओरडत फिरलो. तिसऱ्या दुकानातून एक मुलगी धावत आली, असेल सव्वीस-सत्तावीसची. दार उघडलं, पोराला उचललं, ते जागं होऊन रडलं. त्या रडण्याने सगळ्यांच्या जिवात जीव आला.

आणि मग मी काय केलं? दहा माणसांसमोर तिला वाटेल तसं बोललो. "आई आहेस की कोण आहेस? पोर सांभाळता येत नाही तर..." वगैरे. ती एक शब्द बोलली नाही. मूल पोटाशी धरून पायरीवर बसली आणि रडत राहिली. आम्ही निघून आलो. वाटेत मला स्वतःचा जरा अभिमानसुद्धा वाटत होता.

त्या एका दुपारी माझ्या हातून दोन चुका झाल्या. जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा गप्प राहिलो, आणि जेव्हा गप्प राहायला हवं होतं तेव्हा बोललो. ताईंचा प्रश्न याच दोन चुकांच्या मधे आहे.

आधी पहिली चूक. बंद गाडी उन्हात किती तापते याचा आपल्याला अंदाज नसतो. पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-अकरा अंशांनी चढतं. बाहेर ३५ असेल तर अर्ध्या तासात आत ५० च्या वर जातं. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. ऊन काचेतून आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात आणि ती उष्णता आतच कोंडून राहते. त्यात लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट लवकर तापतं. अंगाचं तापमान चाळीसला पोचलं की उष्माघात सुरू होतो. म्हणजे मी दुकानात घालवलेली ती दहा मिनिटं "जराशी" नव्हती.

मग मी पुढे का गेलो? निर्दय होतो म्हणून नाही. मनात तीन वाक्यं आली. "येतीलच आत्ता." "आपण कोण मधे पडणारे?" आणि तिसरं वाक्य आपल्यासारख्या सत्संगातल्या माणसाचं खास: "ज्याचं त्याचं कर्म, आपण साक्षीभावाने पाहावं."

या तिसऱ्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. साक्षीभाव ही आपल्याच मनाकडे पाहायची शिस्त आहे. आपला राग, आपला लोभ, आपलं सुखदुःख यांच्याकडे अलिप्तपणे पाहावं. दुसऱ्याच्या घामाघूम झालेल्या लेकराकडे अलिप्तपणे पाहावं असं त्यात कुठेही येत नाही. गीता तरी कोणाला सांगितली? धनुष्य खाली ठेवून बसलेल्या माणसाला, आणि ती ऐकून तो उठला. ज्ञान ऐकून माणूस बसूनच राहत असेल तर ते ज्ञान नव्हे, आळसाला दिलेलं चांगलं नाव आहे.

आपल्या संतांत याचं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. पैठणची एकनाथ महाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. गोदावरीचं वाळवंट दुपारच्या उन्हाने तापलेलं, आणि त्या वाळूत एक लहान मूल पोळत, रडत पडलेलं. आई पाणी भरायला पुढे गेलेली. मूल अस्पृश्य मानलेल्या वस्तीतलं. नाथ स्नान करून येत होते. त्यांनी ते मूल उचललं, कडेवर घेतलं, पुसलं आणि घरी नेऊन पोचवलं. हे मूल कोणाचं, माझा अधिकार काय, लोक काय म्हणतील, हे त्यांनी आधी ठरवत बसले नाही. मूल भाजत होतं, तेवढं पुरे होतं. आणि ती गोष्ट आपल्याला जशी सांगितली गेली, तीत नाथांनी त्या आईला खडसावल्याचं कुठे येत नाही. हे मला आत्ता लक्षात आलं. इतकी वर्षं ऐकून नव्हतं आलं.

तेव्हा सोवळं आड येत होतं. आज संकोच आड येतो. गाडी दुसऱ्याची, मूल दुसऱ्याचं, हे आपलं नवं सोवळं आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येक वेळी धावत सुटायचं का? नाही. बाबा पेट्रोलचे पैसे देत आहेत आणि नजर गाडीवर आहे, आजी शेजारी बसलेली आहे, तिथे आपलं काम नाही. आईबापांचा अधिकार मोठा आहे आणि उठसूट कोणी त्यात नाक खुपसू नये. पण शंका आली तर तोलून पाहावं. मी बोललो आणि चुकलो तर काय जाईल? थोडी शोभा होईल, कोणी चार शब्द सुनावेल. मी गप्प राहिलो आणि चुकलो तर काय जाईल, हे लिहायलाही हात धजत नाही. दोन्ही पारड्यांत इतका फरक असताना फार तत्त्वज्ञान लागत नाही.

तर काय करावं, ते सरळ लिहितो:

१. पुढे जाऊ नये. गाडीजवळच थांबावं, काचेवर टकटक करून मूल प्रतिसाद देतं का पाहावं, दारं उघडतात का बघावं.
२. बरोबरच्या माणसाला गाडीचा नंबर घेऊन आसपासच्या दुकानांत पाठवावं. मंगल कार्यालय किंवा मॉल असेल तर माइकवर सांगायला लावावं.
३. लगेच ११२ ला फोन करावा. मुलांसाठी १०९८ हा नंबरही आहे.
४. मूल निपचित असेल, हाकेला ओ देत नसेल, तर मालकाची वाट पाहू नये. मुलापासून सर्वांत लांबची बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडावी. पुढची मोठी काच फोडायच्या भानगडीत पडू नये, ती सहज फुटत नाही. मोठा अनर्थ टाळण्यासाठी सद्भावनेने केलेलं असं लहान नुकसान गुन्हा ठरत नाही, असं भारतीय न्याय संहितेचं कलम १९ सांगतं.
५. मुलाला सावलीत न्यावं, कपडे सैल करावेत, अंग पाण्याने ओलं करून वारा घालावा आणि दवाखान्यात न्यावं. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

आता दुसरी चूक, आणि मला ती पहिलीपेक्षा जास्त बोचते.

त्या रात्री झोप लागेना. आठवलं, आमची मुलगी तीन वर्षांची असताना एका लग्नात मला वाटलं ती आईजवळ आहे, आईला वाटलं माझ्याजवळ आहे. अर्ध्या तासाने ती मांडवामागे आचाऱ्याच्या भट्टीपाशी खेळताना सापडली. देवाची कृपा. दुसरं काही म्हणता येत नाही. मे २०२४ मध्ये राजस्थानात कोटा जिल्ह्यात हेच घडलं. कुटुंब लग्नाला गेलं. आई मोठ्या मुलीला घेऊन उतरली, वडील गाडी लावून आले, आणि तीन वर्षांची धाकटी दुसऱ्याजवळ आहे असं दोघांनाही वाटत राहिलं. दोन तासांनी शोध लागला तेव्हा उशीर झाला होता. ते आईबाप आणि आम्ही, यांच्यात प्रेमाचा फरक काय होता? काहीच नाही. फक्त आमच्या मुलीला भट्टी पोळली नाही.

अमेरिकेत १९९८ पासून अशा मृत्यूंची नोंद ठेवतात. दरवर्षी सरासरी पस्तीस ते चाळीस मुलं जातात. त्यांतली निम्म्याहून जास्त मुलं विसरून राहिलेली असतात, आणि विसरणारे बहुतेक चांगले, काळजी घेणारे आईबापच असतात. रोजच्या सवयीच्या वाटेवर हातपाय आपोआप चालतात, मन दुसरीकडे असतं, आणि मागे झोपलेलं मूल आवाज करत नाही. प्रेम आठवणीची राखण करत नाही, ही कडू गोष्ट मान्य करायला हवी.

म्हणजे जबाबदारी कोणाचीच नाही, असं नव्हे. मला होणार नाही हा अहंकार सोडला की व्यवस्था करावीशी वाटते. आपली पिशवी किंवा मोबाईल मागच्या सीटवर मुलाशेजारी ठेवावा. उतरल्यावर "मूल कोणाकडे?" हे मोठ्याने विचारावं आणि उत्तर ऐकल्याशिवाय हलू नये. अंगणात उभी गाडीही नेहमी लॉक ठेवावी. २०२५ च्या मे महिन्यात आंध्रातल्या विजयनगरम जिल्ह्यात खेळता खेळता गाडीत शिरलेली चार मुलं एकाच दिवशी गेली. त्यात कोणी विसरलंही नव्हतं, फक्त दार उघडं होतं.

जे जाणूनबुजून ठेवतात, "झोपलंय, पाच मिनिटं," म्हणून, त्यांना सांगावंच. स्पष्ट सांगावं, पण बाजूला घेऊन. चारचौघांत लाजवलेला माणूस पुढच्या वेळी सावध होतो असं नाही, पुष्कळदा तो फक्त लपवायला शिकतो.

शेवटी आपल्या घरातलं. आपल्या सत्संगाच्या दिवशी पार्किंगमध्ये मी झोपलेली मुलं पाहिली आहेत. का ठेवतात? कारण मूल हॉलमध्ये रडलं की आपण मागे वळून डोळे वटारतो. मीही वटारले आहेत. पुढच्या गुरुवारपासून मूल रडलं तर रडू द्यावं, अभंग थोडा वर चढवू. आणि दोन सेवेकऱ्यांनी दर वीस मिनिटांनी पार्किंगमधून एक फेरी मारावी. या महिन्यात पहिली सेवा मी घेतो, बरोबर कोण येतं ते कळवा.

त्या मुलीचं नाव-गाव मला माहीत नाही, त्यामुळे माफी मागता येत नाही. परत त्या दुकानावरून जातो तेव्हा पायरीकडे नजर जाते.

जय गुरुदेव.
आपला एक गुरुबंधू, इंदूर