वास्तूचा धनी कोण?

धनिकांचे वाडे आणि राजवाडे रचण्यात ज्याचे आयुष्य वेचले गेले, त्या वास्तुविशारदाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे? कोणी म्हणेल, अनेकांच्या डोक्यावर धड छप्पर नसता एकाच्या हौसेखातर दालनांमागून दालने उभारणे हा विद्येचा अपव्यय होय. उलट कोणी म्हणेल, धनिकाने थैली मोकळी केल्यावाचून पाथरवटाच्या छिन्नीला व सुताराच्या पटाशीला काम मिळत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु मूळ प्रश्न याहून खोल आहे असे आम्हांस वाटते. विद्या मोल देऊन विकत घेता येते. तिच्यामागील सचोटीही तशीच घेता येते काय?

मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याचे उदाहरण घेऊ. १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेलेला कोल्हापूरचा नवा राजवाडा त्याच्याच योजनेचा, आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही त्याचाच. यांपैकी एकही वास्तू पुरी झालेली त्याने पाहिली नाही. आपले गणित चुकले आहे, या इमारती कोसळणार, या धास्तीने त्याचे चित्त भ्रमले असे सांगतात. १८८१ साली त्याचा अंत झाला. लक्ष्मीविलास पुढे रॉबर्ट चिझम याने १८९० साली पुरा केला. दोन्ही राजवाडे आजही उभे आहेत.

धास्तीची ही कथा खरी मानली, तर तिच्यात एक थोरवी आहे व एक उणीवही. यजमान संतुष्ट झाला, मोल चुकते झाले, तेव्हा आपण सुटलो, असे ज्याला वाटत नाही तोच खरा विद्यावंत. कारण छताखाली केवळ मालक वावरत नाही. दिवा लावणारा गडी, न्हाणीघरात पाणी तापविणारी बाई आणि तिचे मूल, ही सारी त्या गणितावर विसंबून असतात. पण धास्तीला एकट्याने कवटाळून बसणे हा धर्म नव्हे. शंका आली तर हिशेब पुन्हा मांडावा, जाणत्यास दाखवावा. मँटचे अपुरे काम दुसऱ्या हातांनी तडीस नेले, यातच हा बोध आहे.

वास्तूचे मोठेपण दालनांच्या संख्येत नसते, हे सांगावयास दूर जाणे नको. धारवाडच्या सुभाष रोडवरील लक्ष्मीभवनात मनोहर ग्रंथमालेचा साधा माळा आहे. जी. बी. जोशी यांनी १९३३ साली ही माला सुरू केली. गिरीश कार्नाडांचे ‘ययाति’ १९६१ साली तिनेच प्रसिद्ध केले. माळा लहान, परंतु त्याचा आसरा केवढा!

आपल्या देवालयांचेही तसेच आहे. शाहू महाराजांच्या काळात कवळ्यास श्रीशांतादुर्गेचे मंदिर उभे राहिले. दात्याचे नाव आपण आदराने घेतो, पण चिरा घडविणाऱ्याचे घेत नाही. तरीही दर्शनाला आलेला प्रत्येक जण त्याच्याच सचोटीखाली निःशंक उभा राहतो.

म्हणून घर बांधू पाहणाऱ्या वाचकास आमची एवढीच विनंती आहे: दर्शनी भाग किती डौलदार दिसेल हे विचारण्यापूर्वी पाया कोणी तपासला, गवंड्याची मजुरी वेळेवर पोचली का, आणि दारी आलेल्यास पडवीत बसावयास जागा आहे का, हे विचारावे. वास्तूचा धनी कागदावर एक असतो. तिचे ऋण मात्र पुष्कळांचे असते.