दोन इंद्रियांचा जीव आणि डाळिंबाचे मूळ

डाळिंबाची बाग पाणी-खत वेळेवर मिळूनही पिवळी पडू लागली, नवी पालवी खुरटली, की जाणता बागायतदार पानांवर औषध मारण्याआधी ड्रिपरखालची माती उकरतो. तिथली बारीक पांढरी मुळे बादलीत खळबळून धुतली की गाठी दिसतात, काही मोहरीएवढ्या, काही एकमेकींत मिसळून लांबट झालेल्या. गाठ नखाने अलगद फोडून भिंगाखाली धरली, तर आत मानेकडे निमुळती आणि मागे फुगीर अशी पांढरी मादी असते. लांबी एक मिलिमीटरही नसते. गाठीच्या बाहेर तपकिरी चिकट पुंजका, त्यात तीनशे ते पाचशे अंडी. उबदार जमिनीत साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार होते आणि या जातीच्या, म्हणजे मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटाच्या मादीला त्यासाठी नराची गरजही लागत नाही.

हीच ती मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी. सोलापूर-सांगोल्यापासून नाशिकपर्यंत डाळिंबाला, आणि टोमॅटो, वांगी, भेंडी, हळद यांनाही ती छळते. मुळाला तिने केलेल्या जखमांतून मर रोगाच्या बुरशीला वाट मिळते आणि उभे झाड वाळते. शेतकऱ्याने तिचा बंदोबस्त करावा यात शंका नाही. प्रश्न आहे तो अहिंसा मानणाऱ्या शेतकऱ्याचा.

हा प्रश्न पुस्तकी नाही. शिरोळ, हातकणंगले, मिरज या भागांत जैन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरलेला माणूस. परंपरेनुसार माणसाला शेती शिकवली ती पहिल्या तीर्थंकरांनी, ऋषभदेवांनी. आणि उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जीवांची इंद्रिये चढत्या क्रमाने मोजताना दोन इंद्रियांच्या जीवाचे उदाहरण म्हणून नाव येते ते कृमीचेच. त्याला स्पर्श आणि रस कळतो. सूत्रकृमीच्या डोक्यावर रसायने ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये असतात आणि मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यांचा माग काढत ती मातीतून मुळापर्यंत पोचते, असे आजचे शास्त्र सांगते. तिला जीव नाही, अशी पळवाट या परंपरेत उरलेली नाही.

गृहस्थासाठी शास्त्राने सवलत ठेवली आहे. घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेत होणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणात होणारी विरोधी हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही, हे मान्य केले आहे. निषिद्ध आहे ती ठरवून केलेली संकल्पी हिंसा. अनेक जण इथेच थांबतात: शेती हा उद्योग, म्हणून औषध टाकणे माफ. पण त्याच तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, म्हणजे बेसावध, बेफिकीर वागण्यावर बोट ठेवले आहे. सवलत गरजेपुरती आहे, निष्काळजीपणाला नाही.

या कसोटीवर सूत्रकृमिनाशकांचा इतिहास तपासावा. डीबीसीपी हे औषध विसाव्या शतकाच्या मध्यापासून जगभर जमिनीत ओतले गेले. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात ते बनवणारे कामगार वंध्य झाल्याचे उघड झाले. 1979 मध्ये अमेरिकेने त्याचा बहुतेक वापर बंद केला. मध्य अमेरिकेतल्या केळीबागांतल्या हजारो मजुरांना त्यासाठी पुढे कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्याकडे गावोगाव थिमेट म्हणून ओळखले जाणारे फोरेट 2020 च्या अखेरीपर्यंत विकले जात होते. कार्बोफ्युरानचे दाणे टिपून पक्षी मरतात. कृमी मारायला निघालेला माणूस पाच इंद्रियांच्या जीवांपर्यंत पोचतो, तो असा.

शिवाय मातीतल्या बहुतेक सूत्रकृमी पिकाच्या वाटेला जातच नाहीत. काही जिवाणू खातात आणि त्यातून सुटणारे नत्र पिकाला मिळते, काही दुसऱ्या सूत्रकृमींनाच खातात. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही तर उसाच्या मुळ्या कुरतडणाऱ्या हुमणीला मारणारी सूत्रकृमी. ऊस उत्पादक ती विकत आणून शेतात सोडतात. सरसकट विष या सगळ्यांवर पडते.

मग जैविक उपाय करावेत? पर्प्युरिओसिलियम नावाची बुरशी निंबोळी पेंडीत मिसळून मुळाशी देतात, ती सूत्रकृमीची अंडी पोखरते. उपाय चांगला आहे, जमिनीला सोसवणारा आहे. पण त्याला अहिंसक म्हणणे ही स्वतःची फसवणूक होईल. जैन विचार केलेली, करवलेली आणि अनुमोदिलेली हिंसा एकाच रांगेत बसवतो. बुरशीकडून मारवणे हे ‘करवलेले’ झाले. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यांनी सूत्रकृमी मरतात, तेव्हाही झेंडू लावणारा हात आपलाच असतो. मे महिन्यात ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे अंथरले, तर त्या उन्हात मित्र आणि शत्रू दोन्ही भाजतात. मात्र ते रोपवाटिकेच्या वाफ्यापुरते राहते, एकरभर जमिनीवर नाही. हिंसा शून्यावर येत नाही, पण तिचा आवाका माणसाच्या हातात आहे, आणि धर्माचा प्रश्न खरा सुरू होतो तो इथे.

रानटी टोमॅटोकडून घेतलेले एमआय नावाचे जनुक या बाबतीत मनात भरते. ते असलेल्या टोमॅटोत सूत्रकृमी शिरली की तिच्या तोंडाभोवतीच्या पेशी स्वतःहून मरतात आणि तिला बस्तान बसवता येत नाही. विषाचा कणही लागत नाही. पण जमीन 28 अंश सेल्सियसच्या वर तापली की हे जनुक ढिले पडते, त्यामुळे आपल्या उन्हाळी टोमॅटोला त्याचा भरवसा नाही.

सगळ्यांत कमी हिंसा तिथे होते, जिथे सूत्रकृमी शेतात येतच नाही. डाळिंबात ती फार वेळा रोपवाटिकेतल्या पिशवीतल्या मातीबरोबर येते. एका दूषित रोपाने पुढची कितीतरी वर्षे मारत राहण्याची वेळ आणली, तर ती हिंसा गरजेची नव्हती, ती प्रमादाची होती. हे जैनांना लागू आहे आणि जीवदयेचे नाव घेणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे.

तेव्हा गुटी कलमे घेताना निदान चार-दोन पिशव्या फाडून, मुळे धुऊन पाहा. गाठ दिसली तर तो लॉट घेऊ नका. लागवडीआधी आणि झाड पिवळे पडल्यावरही, मुळांच्या थरातली ओलसर माती थोड्या मुळांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, उन्हात न ठेवता कृषी विद्यापीठाच्या सूत्रकृमी प्रयोगशाळेत तपासायला द्या. अहवाल हाती येईपर्यंत औषधाचा डबा उघडू नका.